देवाचे गौरव आणि रोजचे जगणे

देवाचे गौरव माणसाच्या जगण्यातून दिसते, या ख्रिस्ती शिकवणीचा धागा निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायापर्यंत मागे जातो. मोशे दोन पाट्या घेऊन सीनाय पर्वतावरून खाली उतरतो. देवाशी बोलून आल्यामुळे त्याचा चेहरा झळकत असतो आणि लोक जवळ यायला घाबरतात. मोशेला मात्र त्याचा पत्ताच नसतो. पुढच्या सगळ्या विवेचनात हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो. ते तेज मोशेचे नव्हते, त्याने ते कमावले नव्हते, आणि ज्याच्या चेहऱ्यावर ते होते त्यालाच ते दिसत नव्हते. शिवाय हा प्रसंग एखाद्या विजयानंतरचा नाही. सोन्याच्या वासराची पूजा होऊन गेली आहे, पहिल्या पाट्या फुटल्या आहेत, छावणीत रक्त सांडले आहे. तेज दिसते ते एवढ्या पडझडीनंतर, दुसऱ्यांदा घडवलेल्या पाट्यांबरोबर.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच प्रसंग हाती घेतला. मोशेच्या तोंडावर आच्छादन होते. ख्रिस्ताच्या लोकांच्या तोंडावर ते नाही, प्रभूचे तेज आरशासारखे त्यांच्यावर पडते आणि ते हळूहळू त्याच्यासारखे होत जातात, असा तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याचा आशय आहे. त्या काळी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत आणि ते वरचेवर पुसावे लागत. करिंथ तर काशाच्या कामासाठी नावाजलेले शहर. पत्र ऐकणाऱ्यांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यानंतर पौल जे करतो ते मात्र अनपेक्षित आहे. तेजाविषयी एवढे उंच बोलून झाल्यावर पुढच्याच अध्यायाच्या सातव्या वचनात तो मातीच्या भांड्यांवर येतो. ठेवा मोलाचा, भांडे साधे आणि फुटणारे. असे का, तर सामर्थ्य भांड्याचे नाही हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. गौरव आणि ठिसूळपणा हे दोन विषय त्याच्या लेखी वेगळे नाहीतच. एका दमात तो दोन्ही सांगतो.

हे लिहिणारा माणूस तंबू करून पोट भरणारा होता. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने आपल्या हालअपेष्टांचा हिशेब मांडला आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा गलबत फुटणे. करिंथमधले काही लोक त्याच्याकडे प्रेषितपदाचा पुरावा मागत होते, तेव्हा आपल्या कर्तृत्वाऐवजी त्याने हे दाखवले. पुढे बाराव्या अध्यायात शरीरातल्या काट्याचा उल्लेख येतो. तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. काटा म्हणजे नेमके काय, यावर टीकाकारांनी शतकानुशतके शाई खर्च केली आहे. पण आजारी माणसासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीला त्या निदानापेक्षा दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. नव्या करारातल्या सर्वात मोठ्या मिशनऱ्याची स्वतःसाठी केलेली प्रार्थना नाकारली गेली, आणि त्याने ते लपवले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात हा विचार आणखी टोकाला जातो. डोंगरावर येशूचे रूप पालटल्याची कथा इतर तिन्ही शुभवर्तमानांत आहे, योहानात नाही. तिथे गौरवाची वेळ म्हणजे वधस्तंभाची वेळ. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, यहूदा भाकरीचा तुकडा घेऊन रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो आणि तो दाराबाहेर गेल्यावर लगेच येशू म्हणतो की आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले. विश्वासघात सुरू झालेला क्षण आणि गौरवाची घोषणा एकाच जागी ठेवणे हे लेखकाचे धाडस आहे. त्यामुळे ख्रिस्ती परंपरेत गौरवाचे माप यशावर घेताच येत नाही. घेतले तर जातेच अधूनमधून. पण मग ते योहानाचे गौरव राहत नाही.

रोजच्या जगण्याचा संबंध येतो तो पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या दहाव्या अध्यायात. खाणे, पिणे किंवा जे काही कराल ते देवाच्या गौरवासाठी करा, या आशयाचे वचन अनेक ख्रिस्ती घरांत चौकटीत लावलेले असते, बहुधा जेवणाच्या मेजाजवळ. चौकटीत न मावलेला संदर्भ असा की हे वचन एका पंगतीच्या भांडणातून निघाले आहे. करिंथच्या बाजारात मिळणारे पुष्कळसे मांस मूर्तीला वाहिलेले असे. ते विकत घ्यावे का, परधर्मी यजमानाने वाढले तर खावे का, शेजारी बसलेल्याचे मन दुखावणार असेल तर काय करावे, असे हे प्रश्न होते. पौल बाजारातून आलेले निमूटपणे खा म्हणतो. पण कुणी मुद्दाम बोलून दाखवले तर त्याच्या मनासाठी खाऊ नका, असेही सांगतो. देवाचे गौरव इथे ताटात काय आहे यावर ठरत नाही. ताटाभोवती बसलेल्या माणसांशी कसे वागले यावर ठरते. सोवळ्याओवळ्याच्या देशात या अध्यायाला किती धार येते, ते पुढे दिसेल.

एक अडचण पर्वतावरच्या प्रवचनातच आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या, म्हणजे ते पित्याचे गौरव करतील. सहाव्याच्या आरंभी तो बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. दोन्ही एकाच प्रवचनात आहेत आणि दोन्ही पाळायची आहेत. पाहणाऱ्याच्या तोंडून शेवटी कुणाचे नाव निघते, ही त्यांतली मेख. मंडळीच्या देणगीफलकांवरची नावे वाचताना हा प्रश्न थोडा टोचतो.

दुःखाच्या संदर्भात या शिकवणीची दोन विपर्यस्त रूपे वारंवार दिसतात. एकात देवाची कृपा म्हणजे भरभराट. नोकरी लागली, घर झाले, गाठ विरघळली की देवाचे गौरव झाले. साक्षीच्या सभांतून ही मांडणी हमखास ऐकू येते. ज्याची गाठ विरघळली नाही त्याला तिथे बोलायला जागा नसते. दुसरे रूप अधिक सोज्ज्वळ दिसते आणि अधिक घातक असते: दुःख हीच कृपा, म्हणून ते सोसा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला किंवा मजुरी बुडालेल्या माणसाला हे सांगितले की मारणारा आणि बुडवणारा दोघेही निर्धास्त होतात. बायबल या दोन्हींच्या विरोधात साक्ष देते. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचे धार्मिक स्पष्टीकरण अध्यायामागून अध्याय देत राहतात आणि अखेर देव रागावतो तो त्यांच्यावर. जन्मांध माणसाविषयी पाप कुणाचे, असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू तो हिशेबच नाकारतो आणि त्याला बरे करतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर खून-चोरी करून भोगलेली शिक्षा आणि ख्रिस्ती म्हणून सोसलेला छळ यांत स्पष्ट रेघ ओढली आहे. सगळे दुःख एका मापाचे नाही. स्तोत्रसंहितेतल्या विलापगीतांची संख्या मोठी आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; शेवटी वळण नाही, आभार नाहीत. स्तोत्रसंहिता हेही मंडळीच्या प्रार्थनेचे पुस्तक आहे.

मराठी भाषेत ही शिकवण आली ती दोन वाटांनी. पहिली गोव्याची. इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ख्रिस्ताचे चरित्र सांगणारा हा ग्रंथ मराठीची थोरवी गातो, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र गोव्यात मंडळीच्या पाठीशी राज्यसत्ता होती. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालयही बसले होते. सत्तेच्या सावलीतल्या मंडळीने क्लेशाचे महत्त्व सांगणे आणि सत्तेबाहेरच्या मंडळीने ते सांगणे, यांत फरक करावा लागतो. त्या काळच्या गोव्यात पुष्कळदा क्लेश ख्रिस्ती न झालेल्यांच्या वाट्याला होते.

दुसरी वाट मुंबई-अहमदनगरची. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले. इथे ख्रिस्ती होणाऱ्याच्या मागे सत्ता आहे असे त्याच्या शेजाऱ्यांना वाटे. त्याचा स्वतःचा अनुभव बहुधा उलट असे. घर सुटे, बायकोमुले दुरावत, विहीर बंद होई. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० मध्ये कायदा करावा लागला, यावरून नुकसानीचा अंदाज येतो. कायद्याने जमिनीचा वाटा मिळू शकत होता, आईच्या हातचे जेवण मिळत नव्हते. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी तीनच वर्षांत ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात स्वतःच्या दुराव्याऐवजी विधवांचे हाल मांडले. दुःखाने माणूस स्वतःभोवती गुंडाळला जातो की दुसऱ्याच्या दुःखाकडे वळतो, ही या विषयातली एक चांगली कसोटी आहे. पदमनजींचे लेखन तिला उतरते.

या परंपरेत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतका रोजच्या जगण्याचा दस्तऐवज दुसरा नाही. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आले. त्याचा आरंभच सोवळ्याने होतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना शुद्धतेचे असे वेड लागले होते की घरात आलेली जिन्नस धुतल्याखेरीज वापरायची नाही, आणि त्या धुण्यापायी सारे घर वेठीला धरलेले. अशा घरातली मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्या काळात काय भोगले, ते त्यांनी लिहिले आहे, आणि त्यात कुठेही नवऱ्याला सूट दिलेली नाही. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळेच होते. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपले सोवळे जपले.

ते सुटले कसे, हा भाग या विषयासाठी मोलाचा आहे. त्यांना कुणी वादात हरवले नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांना पडला, एका रात्री त्यांनी तो मनात उलटसुलट करून पाहिला, आणि हे माणसांचे काम आहे असे ठरल्यावर दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. करिंथच्या पंगतीतला प्रश्न अहमदनगरच्या स्वयंपाकघरात नव्याने उभा राहिला आणि एका बाईने तो आपल्यापुरता सोडवला. धर्मशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात दहाव्या अध्यायाचे याहून सरळ विवरण सापडणे कठीण आहे, आणि लक्ष्मीबाई तर त्या अध्यायाचे विवरण करायला बसल्याही नव्हत्या.

टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचकाला माहीत आहेत; ख्रिस्ती मंडळीत त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही गायिली जातात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘स्मृतिचित्रे’तले टिळक मात्र भलतेच अवघड गृहस्थ आहेत. हातात पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे होणार, संतापले की घर सोडून निघणार, अनाथ पोराला घरी आणणार आणि उद्याची चूल कशी पेटायची याची चिंता बायकोवर सोपवणार. लक्ष्मीबाईंना या माणसातले देवाचे वेड दिसते आणि पिठाचा रिकामा डबाही दिसतो. दोन्ही त्या हसत सांगतात. पुस्तकाची थोरवी इथेच आहे. टिळकांना संत करून टाकले असते तर तेज उरले असते आणि भांडे नाहीसे झाले असते. स्वतःला तर त्या सगळीकडे अडाणी, भित्री, गोंधळलेली बाई म्हणून रंगवतात. वाचणाऱ्याला मोशेची आठवण होते ती इथे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते वारले. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने ओवीबद्ध महाकाव्याचा मोठा भाग रचला.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी शारदा सदन काढले, जे पुढल्या वर्षी पुण्यास आले. तिथे १८९३ मध्ये जे वादळ उठले ते या विषयाच्या गाभ्याशी आहे. सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. दार लावून घ्यावे, अशी अपेक्षा होती. त्यांनी ते लावले नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. सल्लागारांची बाजू पोकळ नव्हती. पालकांनी मुली वेगळ्या विश्वासावर सोपवल्या होत्या. पण कुणाला बोलवायचे नाही आणि आपला विश्वास लपवायचाही नाही, या दोन अटी एकत्र पाळायच्या तर उघड्या दारापलीकडे तिसरी सोय कोणती, हेही विचारावे लागते. मत्तयाच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायांतला ताण पुण्यातल्या एका खोलीत असा प्रत्यक्ष उभा राहिला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. तिथल्या मुली त्यांनी आणल्या, पुण्याजवळच्या केडगावची जमीन हाती होती, आणि मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दीड हजार स्त्रिया व मुले होती. एवढ्या माणसांचे रोजचे जगणे म्हणजे दळण, विणकाम, शेती, धुणी, आजारपणे. मुक्तीचे वर्णन करताना १९०५ च्या आत्मिक जागृतीवर सगळा भर देण्याची प्रथा आहे. ती जागृती खरीच. पण त्याच आवारात अंध मुलींना शिकवणे आणि विहिरी खोदणे चालू होते, आणि गौरवाचा शोध घेणाऱ्याने तिकडेही तेवढेच पाहायला हवे. सोसण्याच्या नावाखाली गप्प बसणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. प्लेगच्या काळात इस्पितळात व छावणीत स्त्रियांची होणारी दुर्दशा त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून उघड केली, आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली.

शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. कानांनी साथ सोडली होती. हिब्रू आणि ग्रीक मुळावरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचे होते. छापखाना मुक्तीतच होता आणि खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियाच करत. जुळवणी म्हणजे अक्षर उलटे वाचायचे, एकेक खिळा खणातून उचलून पट्टीत लावायचा, मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करून खिळे पुन्हा खणांत टाकायचे. दुष्काळातून आलेल्या मुली हे शिकल्या. जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. या कामाला रूढ अर्थाने यश आले असे म्हणता येत नाही. भाषा पुष्कळांना ओबडधोबड वाटली आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. गौरवाची शिकवण फळावरून तपासायची म्हटले तर हे पुस्तक अडचणीत टाकते. सुमारे अठरा वर्षे चाललेला असा खटाटोप वाया गेला म्हणायचे, की वाया जाण्याची कल्पनाच सुधारायची? ख्रिस्ती परंपरेचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते, पण ते उत्तर स्वस्तात देऊ नये.

टिळक आणि रमाबाई ब्राह्मण घरांतून आले. अहमदनगर, औरंगाबाद, जालना या भागांतल्या खेड्यांमधली बहुसंख्य ख्रिस्ती माणसे महार-मांग वस्त्यांतली होती. पोटासाठी ख्रिस्ती झाल्याचा टोमणा त्यांच्या वाट्याला आला, विशेषतः दुष्काळांनंतर. भुकेल्याने भाकरी देणाऱ्याच्या देवाविषयी विचारले, यात लाजिरवाणे काय, हे टोमणा मारणारे सांगत नाहीत. धर्म बदलूनही गावाने त्यांची जात विसरली नाही, कधीकधी मंडळीनेही विसरली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा, १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. अशा माणसांना सोसण्यातले गौरव शिकवणाऱ्या पाळकाने शब्द फार जपून वापरायला हवेत. हक्कासाठी अर्ज करणे, मोर्चा काढणे, न्यायालयात जाणे हेही देवाचे गौरव करण्याचे मार्ग असू शकतात. पौलाने स्वतः रोमी नागरिकत्वाचा हक्क बजावून कैसराकडे दाद मागितली होती.

अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडचे उदाहरण अलीकडचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झालेले. खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, अनेक दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले: बाळाचे वजन घेणे, बाळंतपण, पाणी उकळणे, कुष्ठरोगाचा डाग ओळखणे. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी खोली नव्हती. सगळ्यांच्या रांगेतच त्यांना तपासत. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या अवर्षणात कूपनलिका खोदायची वेळ आली, तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या जातील अशी तजवीज आरोळे यांनी केली. पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिथे यावे लागले. यात प्रवचन नव्हते. लक्ष्मीबाईंनी एका रात्रीत ओलांडलेली पाण्याची रेघ इथे गावाने घागर घेऊन ओलांडली. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वसईकडे ही शिकवण वेगळ्या पेहरावात भेटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि हरित वसईच्या आंदोलनात केळीच्या बागा आणि विहिरींच्या पाण्यासाठी दांडग्या लोकांशी वैर पत्करले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शेतजमिनीचे रक्षण हे देवाचे गौरव कसे, असा प्रश्न तेव्हा काहींनी केला असेल. उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचलेल्याला तो पडू नये.

सामान्य घरांत हे सारे फार लहान मापात चालते. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, सुगीच्या उपासनेला नेलेली ज्वारीची कणसे, इस्पितळात दाखल झालेल्याच्या खाटेभोवती मंडळीतल्या बायांनी म्हटलेले गीत, मयताच्या घरी पहिले काही दिवस शेजाऱ्यांनी पोचवलेला डबा. औषध की प्रार्थना, हा वाद काही गटांत रंगतो. मिरजेला १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इस्पितळ काढले तेव्हापासून मराठी मंडळीच्या मुख्य प्रवाहाने दोन्ही बरोबर चालवली आहेत. दुखण्यातून न उठलेल्याच्या विश्वासात खोट काढणे हे ईयोबाच्या मित्रांचे काम आहे, आणि ते मित्र प्रत्येक मंडळीत एकदोन तरी असतात.

या विषयाची साधने मात्र एकसारखी उपलब्ध नाहीत. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, पदमनजी यांनी स्वतः लिहिले आणि ते छापले गेले, म्हणून आजवरची मांडणी त्यांच्याभोवती फिरते. या लेखालाही ते चुकलेले नाही. घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया, खेड्यातले शिक्षक-उपदेशक, मुक्तीतल्या जुळारी मुली यांच्याविषयी मिशनच्या अहवालांत दोन-चार ओळी असतात आणि त्याही बहुधा दुसऱ्याच्या हातच्या. उरलेला ऐवज ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांत, मंडळ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदवह्यांत, भजनांच्या हस्तलिखित वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत विखुरलेला आहे. त्यांतली बरीच दप्तरे वाळवी आणि ओल यांच्या तावडीत आहेत, आणि आठवणी सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे.